अल्पसंख्याकांचे दैनिक आणि समाजवादी कार्यकर्ता

(नेकनूर, जिल्हा बीड, येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वृत्तपत्रस्वातंत्र्याची चर्चा महाराष्ट्रात बहुधा सरकार विरुद्ध वृत्तपत्र अशा एकाच अंगाने होते. आणीबाणीतील प्रसिद्धीपूर्व तपासणीची आठवण ज्या चळवळीने जपली, त्या समाजवादी चळवळीत ती तशी होणे स्वाभाविकच आहे. परंतु वृत्तपत्रांचा आणखी एक वर्ग असा आहे की, त्याचा प्रश्न केवळ सरकारच्या संबंधाने सुटत नाही. ज्या प्रदेशात बहुसंख्य लोक एक भाषा लिहितात-वाचतात, त्याच प्रदेशात दुसरी भाषा किंवा दुसरी लिपी वापरणाऱ्या लहान समूहासाठी निघणारे दैनिक, हा तो वर्ग होय. मराठवाड्यातील उर्दू दैनिके, बेळगावातील मराठी दैनिक, बोस्निया-क्रोएशियातील सर्बांची वृत्तपत्रे ही त्याची ठळक उदाहरणे. अशा पत्राला तीन धनी असतात. पहिला सरकार, दुसरा बहुसंख्य समाज आणि तिसरा स्वतःचाच वाचक. यांपैकी तिसऱ्याशी खरे बोलणे सर्वांत अवघड असते. कारण पहिल्या दोघांना दुखावले तर पत्राचा मान वाढतो. तिसऱ्याला दुखावले तर पत्रच बंद पडते.

प्रस्तुत व्याख्यानाचा मुद्दा एवढाच आहे की, अल्पसंख्याकांच्या दैनिकाची परीक्षा त्याने आपल्याच वाचकाला न रुचणारे सत्य सांगण्यावर अवलंबून असते. आणि ते सत्य सांगण्याचे बळ त्या संपादकाला मिळते की नाही, हे पुष्कळ अंशी बहुसंख्य समाजातील पुरोगामी कार्यकर्त्यांच्या वागणुकीवर ठरते. या दुसऱ्या भागाकडे आजवर फारसे लक्ष गेलेले नाही.

नेकनूरसारख्या बाजाराच्या गावात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. ज्या गावाच्या नावातच ‘नेक’ आणि ‘नूर’ हे शब्द ऐकू येतात, तेथे बंकटस्वामींच्या मठाची वारकरी परंपरा आहे आणि उर्दू वाचणाऱ्यांची वस्तीही आहे. गुरांच्या बाजारात एकाच बैलाचा सौदा दोन्ही समाजांची माणसे मिळून करतात. त्या सौद्याविषयीची बातमी मात्र ती दोन वेगळ्या कागदांवर वाचतात. त्यातही एक विषमता आहे. उर्दू वाचणाऱ्या माणसाला बहुधा मराठी पत्रही वाचता येते. मराठी शाळेत शिकलेल्याला उर्दू पत्राचा मथळासुद्धा लागत नाही. म्हणजे लहान समाजाला मोठ्या समाजाच्या मनात काय चालले आहे हे रोज सकाळी कळते. मोठ्या समाजाला मात्र लहान समाजाच्या मनाचा पत्ता नसतो, आणि जे कळत नाही त्याविषयी संशय घेणे सोपे जाते.

मोगलाईतील मराठी पत्र

आजचा बहुसंख्याक काल कोण होता, याचे स्मरण मराठवाड्याने ठेवणे आवश्यक आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू अशा चार प्रमुख भाषा होत्या. १९४१ साली संस्थानाची लोकसंख्या दीड कोटीच्या वर होती. तीत सुमारे निम्मे लोक तेलुगू बोलत, सुमारे एक चतुर्थांश मराठी बोलत आणि उर्दू मातृभाषा असणारे साधारण आठात एक होते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतल्यापासून कचेरी, न्यायालय आणि वरचे शिक्षण उर्दूतच चाले. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा जो प्रयोग केला, तो शिक्षणदृष्ट्या मोठाच होता. परंतु औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतील मुलाला त्या विद्यापीठाच्या दारात आपली भाषा बाहेर ठेवूनच शिरावे लागे. आजही जुन्या इनाम जमिनीचा मुंतखब निघाला की, तो वाचून देणारा माणूस शोधावा लागतो. त्या कागदांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. संख्येने मोठा असलेला समाजही सत्तेच्या भाषेपुढे अल्पसंख्य होऊ शकतो.

अशा परिस्थितीत मराठी वृत्तपत्र चालविणे किती कठीण होते, हे मराठवाड्यातील जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक होते. १९२० साली हैदराबादेत लक्ष्मणराव फाटक यांनी ‘निजाम विजय’ हे साप्ताहिक काढले. त्याच्या नावातच तडजोडीची खूण आहे. शीर्षकात निजामाचा जयजयकार केल्यावाचून आतल्या पानांत मराठी माणसाचे दुःख छापणे शक्य नव्हते. १९२९ सालच्या कुप्रसिद्ध ‘गश्ती निशाण ५३’ अन्वये सभेलासुद्धा परवानगी लागू लागली. पुढे आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक निजामाच्या हद्दीबाहेर, पुण्याहून चालविले. बंदी आली की नाव बदलावे आणि पत्र पुन्हा काढावे, असा लपंडाव त्यांनी धैर्याने खेळला. स्वामी रामानंद तीर्थ यांनी याच बीड जिल्ह्यात, त्या वेळच्या मोमिनाबादेत म्हणजे अंबाजोगाईत, शिक्षणाचे काम करता करता राजकीय जागृती केली. त्या जागृतीला अशा पत्रांचा आधार होता.

त्याच ‘मराठवाडा’चे संपादकपद पुढे अनंत भालेराव यांच्याकडे आले. १९६८ पासून ते औरंगाबादेतून दैनिक म्हणून निघू लागले. आणीबाणीत भालेरावांनी तुरुंगवास भोगला. पत्रकारितेतील निर्भयपणाचे उदाहरण म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु याच पत्राच्या इतिहासात एक दुसरे पान आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. त्या वादात ‘मराठवाडा’ने नामांतरविरोधी बाजू घेतली होती. जे पत्र दडपलेल्या भाषेचा कैवार घेऊन जन्मले, ते आपला वाचक बहुसंख्य झाल्यावर गावकुसाबाहेरच्या माणसाच्या मागणीकडे त्याच वाचकाच्या डोळ्यांनी पाहू लागले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. एकट्या भालेरावांना दोष देण्यासाठी हे सांगितलेले नाही. त्या वादात समाजवाद्यांतही दुफळी होती. कालचा अन्याय सोसल्याने आजचा न्याय आपोआप कळतो, हा समज खोटा आहे, एवढेच त्यावरून घ्यावयाचे.

‘इमरोज’चा संपादक

आता त्याच संस्थानातील उर्दू वृत्तपत्रांकडे वळावे. निजामाची राजवट म्हणजे उर्दू, उर्दू म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे रझाकार, असे सोपे समीकरण मराठवाड्यात अनेकांच्या मनात घर करून आहे. हैदराबादच्या उर्दू पत्रसृष्टीतील काही नावे ते समीकरण मोडून काढतात. मंदुमुल नरसिंगराव हे ‘रय्यत’ या उर्दू दैनिकाचे संपादक होते. ते पत्र निजाम सरकारला मानवले नाही आणि बंद पाडण्यात आले. त्या ‘रय्यत’मध्ये काम केलेला शोएबुल्ला खान हा उस्मानिया विद्यापीठाचा तरुण पदवीधर १९४७ च्या नोव्हेंबरात ‘इमरोज’ नावाचे स्वतःचे उर्दू दैनिक घेऊन पुढे आला. हैदराबादने भारतीय संघराज्यात सामील व्हावे आणि येथे जबाबदार राज्यपद्धती यावी, अशी त्याची भूमिका होती.

हे लिहिणे त्या काळात कोणासाठीही धोक्याचे होते; मुसलमान संपादकाने मुसलमान वाचकासाठी उर्दूत लिहिणे तर सर्वांत धोक्याचे. कासीम रझवीचे रझाकार खेड्यापाड्यांत धुमाकूळ घालीत होते आणि त्यांच्या अत्याचारांना मराठवाड्यातील असंख्य हिंदू कुटुंबे बळी पडत होती. ‘हे तुमच्या रक्षणासाठी चालले आहे’ असे रझवी मुसलमानांना सांगत होता. ‘हे तुमच्या नाशासाठी चालले आहे’ असे शोएबुल्ला खान त्याच मुसलमानांना त्यांच्याच लिपीत सांगत होता. १९४८ च्या ऑगस्टमध्ये काही प्रतिष्ठित मुसलमान नागरिकांनी संघराज्यात सामील होण्याचा आग्रह धरणारे पत्रक काढले, तेही ‘इमरोज’ने छापले. रझवीने जाहीर सभेत, असे लिहिणारे हात तोडले जातील अशा अर्थाची धमकी दिली. २१ ऑगस्टच्या रात्री कचेरीतून घरी परतताना शोएबुल्ला खानावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्याचा हात तोडण्यात आला. त्या संपादकाने तिशीही गाठलेली नव्हती. पुढे चार आठवड्यांच्या आत, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत, पोलीस कारवाई होऊन निजामाची राजवट कोसळली.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या स्मरणात या संपादकाला जी जागा मिळावयास हवी, ती मराठवाड्यात क्वचितच मिळते. १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते, हुतात्म्यांची नावे घेतली जातात. त्यांत ‘इमरोज’चे नाव किती गावांत घेतले जाते, याचा कार्यकर्त्यांनी शोध घ्यावा. कोणत्याही समाजात स्वकीयांच्या अन्यायाविरुद्ध उभा राहणारा एक माणूस असतो. दुसऱ्या बाजूने त्याला विसरून जाणे म्हणजे तो नव्हताच, असे म्हणणाऱ्यांना साक्ष देणे होय.

पोलीस कारवाईनंतर जे घडले तेही झाकून ठेवण्याजोगे नाही. जवाहरलाल नेहरूंच्या सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या मंडळाने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानाचा दौरा केला. त्या मंडळातील एक सदस्य काझी अब्दुल गफ्फार हे हैदराबादच्या ‘पयाम’ या उर्दू दैनिकाचे संपादक म्हणून प्रसिद्ध होते. पोलीस कारवाईच्या काळात व नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा मंडळाचा अंदाज होता. मृतांत मुसलमानांची संख्या प्रचंड होती. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ पोचली; त्यांच्या पाठोपाठ ज्या चार जिल्ह्यांची नोंद झाली, त्यांत बीड होता. हा अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. त्याच अहवालात एक नोंद अशीही आहे की, विणकरांच्या धंद्यात हिंदू आणि मुसलमान विणकरांनी एकमेकांचे रक्षण केले, प्रसंगी मोठी किंमत देऊन केले. जेथे श्रम एकत्र होते तेथे अफवेला वाट सापडली नाही, ही गोष्ट समाजवादी कार्यकर्त्याने अधोरेखित करून ठेवावी.

कातिबापासून जाहिरातीपर्यंत

१९४८ नंतर उर्दूचे राजभाषापद गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. मराठी माणसाच्या दृष्टीने हे न्यायाचे झाले. उर्दू वाचकाच्या दृष्टीने मात्र एका पिढीच्या आत सत्तेची भाषा घरातली भाषा झाली. जी लिपी शिकल्याने नोकरी मिळे, तीच शिकल्याने नोकरी दुरावते की काय, अशी धास्ती निर्माण झाली. या परिस्थितीत औरंगाबादेतून ‘औरंगाबाद टाइम्स’ व ‘एशिया एक्सप्रेस’, नांदेडहून ‘वरक-ए-ताजा’, खुद्द बीडहून ‘तामीर’ अशी उर्दू दैनिके निघाली, हा लहान पराक्रम नव्हे.

त्यामागचे कष्ट समजावून घेण्याजोगे आहेत. उर्दूची नस्तालिक लिपी तिरकी उतरत जाते, अक्षरांची रूपे शेजारच्या अक्षराप्रमाणे बदलतात. त्यामुळे मराठीप्रमाणे खिळे जुळवून ती छापणे दुरापास्त होते. म्हणून प्रत्येक पान कातिब हाताने लिहून काढी आणि मग ते छापले जाई. एका दैनिकाला अनेक कातिब लागत. रात्री उशिरा महत्त्वाची बातमी आली, तर लिहिलेले पान बदलणे सोपे नसे. मोठ्या दंगलीची बातमी अर्धवट हाती आलेली असताना ती थांबवावी की तशीच द्यावी, हा निर्णय संपादकाला कातिबाच्या लेखणीचा वेग पाहून घ्यावा लागे. १९८० च्या दशकात नस्तालिकची संगणकावर जुळणी शक्य झाली आणि १९९४ नंतर ‘इनपेज’ या प्रणालीने ती लहान गावातही आणली. पत्र काढणे सोपे झाले, कातिबाची रोजी गेली. यंत्र आले की कोणाचे काय जाते, हा प्रश्न विणकर आणि कातिब या दोघांनाही सारखाच लागू आहे.

तथापि खरा पेच अर्थकारणाचा आहे. कोणत्याही दैनिकाच्या अंकाची किंमत त्याच्या कागदाचा व छपाईचा खर्च भागवीत नाही. तो जाहिरातींतून भागतो. व्यापारी जाहिरात खरेदीदाराच्या मागे जाते. ज्याचा वाचक हमाल, बागवान, कुरेशी, रिक्षावाला, शिंपी, शिक्षक असा आहे, त्या पत्राकडे मोटार विकणारी कंपनी फिरकत नाही. मग उरतात तीन आधार. सरकारी जाहिरात, निवडणुकीतील उमेदवार आणि समाजातील एखादा धनवान. सरकारी जाहिरात बंद होण्याची भीती पत्राला सरकारपुढे वाकवते. उमेदवार पत्राकडून मतांच्या गठ्ठ्याचे आश्वासन मागतो. धनवान मागतो ते याहून सूक्ष्म असते. समाजात गरीब-श्रीमंत असा भेद आहे, हे पत्राने बोलू नये, एवढेच त्याला हवे असते. त्यामुळे समाजाबाहेरून येणारा अपमान ठळक मथळ्यात येतो आणि समाजाच्या आतील मजुरीचा तंटा आतल्या पानावरही येत नाही. हा दोष उर्दू पत्राचा एकट्याचा नव्हे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडायला जाणाऱ्या जोडप्यांचा ‘कोयता’ कोणत्या मराठी दैनिकाने आपला मुख्य वाचक मानला? मुकादमाची उचल, फडातील बाळंतपण, मुलांची सुटलेली शाळा यांना मराठी पत्रातही हंगामाच्या तोंडावरच जागा मिळते. दोन्ही भाषांतील कष्टकरी आपापल्या भाषेच्या पत्रात सारखाच अल्पसंख्य आहे.

आतला विरोधक छापला जातो काय, ही दुसरी कसोटी होय. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला आणि तोंडी तलाक बंद व्हावा, अशी मागणी केली. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाई समाजवादी चळवळीतले, मराठीतून लिहिणारे. त्यांची बाजू उर्दू वाचकापर्यंत सहानुभूतीने पोचली नाही, याला उर्दू पत्रांचा संकोच कारण होताच. परंतु दलवाईंचा उपयोग मुसलमानांना झोडपण्यासाठी करणाऱ्या मराठी पत्रांनी तो संकोच आणखी घट्ट केला, हेही विसरता येणार नाही. सुधारकाचे शब्द शत्रूच्या तोंडी पोचले की, घरातले लोक ते ऐकेनासे होतात.

सर्बांच्या पत्रांचा धडा

हा पेच केवळ भारतातील नाही, हे दाखविण्यासाठी सर्ब समाजाच्या वृत्तपत्रांचे उदाहरण उपयोगी पडते. विसाव्या शतकाच्या आरंभी क्रोएशिया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता आणि तेथे सर्ब अल्पसंख्य होते. भाषा जवळजवळ एक, परंतु सर्बांची लिपी सिरिलिक व धर्म ऑर्थोडॉक्स, क्रोएटांची लिपी लॅटिन व धर्म कॅथलिक. झाग्रेब शहरात सर्बांचे ‘सर्बोब्रान’ हे पत्र निघे. १९०२ साली त्याने बेलग्रेडच्या एका नियतकालिकातील लेख पुनर्मुद्रित केला. सर्ब आणि क्रोएट यांचा झगडा एकाचा नायनाट होईपर्यंत चालणार, असा त्याचा रोख होता. सप्टेंबरात झाग्रेबमध्ये सर्बांची दुकाने व घरे फोडण्यात आली. लेख लिहिणारा सुरक्षित राहिला. दुकानदाराला किंमत मोजावी लागली. परंतु कथा येथे संपत नाही. त्याच पत्राचा नवा अवतार ‘नोवी सर्बोब्रान’ स्वेतोझार प्रिबिचेविच या तरुणाने संपादिला आणि १९०५ च्या अखेरीस क्रोएट-सर्ब आघाडी उभी राहिली, तिच्या प्रमुख नेत्यांत हाच संपादक होता. तीन वर्षांत पत्राची भाषा बदलली, कारण क्रोएटांमध्येही हात पुढे करणारे राजकीय कार्यकर्ते निघाले होते.

याच्या उलट उदाहरण बोस्नियातील बान्यालुका शहराच्या दैनिकाचे. ‘ग्लास’ म्हणजे आवाज. हे पत्र १९४३ साली, फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या पार्टिझान चळवळीत, डोंगराळ भागात जन्मले. सर्ब, क्रोएट, मुसलमान यांनी एकत्र लढावे, ही त्या चळवळीची घोषणा होती. १९९० च्या दशकात युगोस्लाव्हिया फुटला, बोस्नियात युद्ध पेटले आणि पत्राच्या नावामागे ‘सर्बांचा’ हा शब्द आला. पुढे ‘ग्लास सर्प्स्के’ या नावाने ते सर्ब प्रजासत्ताक या घटकाचे दैनिक झाले. शहराच्या सर्वांचा आवाज एका समाजाचा झाला, त्याच काळात बान्यालुकातून मुसलमान आणि क्रोएट हुसकावले गेले. १५७९ साली बांधलेली फरहादिया मशीद ७ मे १९९३ रोजी सुरुंगाने उडविण्यात आली. ती पुन्हा बांधून उघडायला २०१६ उजाडले. पत्राने सुरुंग लावला नाही, हे खरे. परंतु ज्या शहरात शेजाऱ्याचा आवाज छापण्याची जागा उरत नाही, तेथे त्याच्या घराची जागाही फार काळ उरत नाही.

दोन्ही उदाहरणांत सर्ब समाज एकच, वृत्तपत्राची परंपराही दीर्घ. फरक पडला तो वाचक कोणाच्या आधाराने निर्भय होतो, यामुळे. पहिल्या ठिकाणी शेजाऱ्यांच्या आघाडीने त्याला आधार दिला. दुसऱ्या ठिकाणी तोफांनी.

बेळगाव आणि बीड

मराठी वाचकाला हे परके वाटत असेल, तर त्याने बेळगावकडे पाहावे. १९१९ साली बाबूराव ठाकूर यांनी बेळगावात ‘तरुण भारत’ सुरू केला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि तेथील मराठी माणूस भाषिक अल्पसंख्य झाला. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने महाराष्ट्राचे समाधान झाले नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सीमाभागातील मराठी शाळा, मराठी पाट्या, मराठी कागदपत्रे यांसाठी ते पत्र झगडत आले आणि त्याबद्दल महाराष्ट्राने त्याचे कौतुक केले. बेळगावच्या मराठी माणसाला मातृभाषेत कागद मिळावा, ही मागणी न्याय्य असेल, तर बीडच्या उर्दू शाळेला शिक्षक व पुस्तके वेळेवर मिळावीत, ही मागणी कोणत्या तर्काने अन्याय्य ठरते? संविधानाची कलमे २९ आणि ३०, तसेच १९५६ च्या घटनादुरुस्तीने आलेली ३५० अ व ३५० ब ही कलमे बेळगावसाठी एक आणि बीडसाठी दुसरी अशी लिहिलेली नाहीत. बेळगावात भाषिक हक्क म्हणावयाचे आणि बीडमध्ये लांगूलचालन म्हणावयाचे, हे समाजवाद्याला शोभत नाही.

कार्यकर्त्याचे काम

यावरून नेकनूरच्या व आसपासच्या कार्यकर्त्यांनी काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. पहिले काम वाचनाचे. गावातील वाचनालयात किंवा पक्षाच्या कचेरीत मराठी दैनिकाशेजारी उर्दू दैनिक आले पाहिजे आणि आठवड्यातून एक दिवस ते मोठ्याने वाचून अर्थ सांगणारा माणूस बसला पाहिजे. उर्दू शाळेतील शिक्षक हे काम आनंदाने करतील. ज्याला लिपी शिकावयाची असेल त्याने शिकावी. ती शिकायला काही महिने पुरतात आणि भाषा तर बाजारात अर्धीअधिक कानावर पडलेलीच असते.

दुसरे काम लिहिण्याचे. २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली. म्हातारा बैल विकून नवा घेणाऱ्या शेतकऱ्याचा व्यवहार अडला आणि कुरेशी कामगाराचा धंदाही अडला. हा एकच प्रश्न आहे. पण एका पत्रात तो शेतीचा प्रश्न म्हणून आणि दुसऱ्यात समाजाचा प्रश्न म्हणून मांडला जाण्याचा धोका असतो. गुरांच्या बाजारात उभे राहून दोघांचे हिशेब एकत्र मांडणारे टिपण कार्यकर्त्याने लिहावे आणि तेच टिपण दोन्ही भाषांतील पत्रांकडे पाठवावे. पाणीटंचाई, रेशन, रोजगार हमीची थकलेली मजुरी, ऊसतोडीची उचल यांविषयीही असेच करावे. वार्ताहर ठेवणे ज्या लहान पत्राला परवडत नाही, ते खरी व तपासलेली बातमी नाकारीत नाही. त्याच्या पानावर कष्टकऱ्याचा प्रश्न येऊ लागला, तर धनवानाच्या मौनाला तेवढाच छेद जातो.

तिसरे काम पाठीशी उभे राहण्याचे आणि तेच सर्वांत अवघड. एखाद्या उर्दू संपादकाने स्वतःच्या समाजातील अन्यायाविरुद्ध लिहिले, तर त्याचा लेख हत्यार म्हणून वापरू नये. त्याच्यावर दडपण आले तर शांतपणे त्याच्याकडे जावे, वर्गणीदार मिळवून द्यावेत, सभेत त्याला बोलवावे. आणि ते मागण्यापूर्वी मराठी पत्रात मुसलमान वस्तीविषयी खोटी बातमी आली, तर त्याच दिवशी मराठीतून, आपल्या नावानिशी, त्या पत्राला निषेध कळवावा. बहुसंख्य समाजाचा कार्यकर्ता आपल्या पत्राशी भांडत नसेल, तर अल्पसंख्य समाजाच्या संपादकाने आपल्या वाचकाशी भांडावे, ही अपेक्षा धरण्याचा अधिकार त्याला पोचत नाही. शोएबुल्ला खानाने जे केले, ते कोणाच्याही आधाराची वाट न पाहता केले. परंतु हुतात्म्याच्या मापाने रोजचे पत्र चालत नाही. रोजच्या पत्राला वर्गणीदार लागतात, वार्ताहर लागतात आणि संकटात दार ठोठावता येईल अशी शेजारची घरे लागतात.

येत्या बाजाराच्या दिवसापासून उर्दू दैनिकाचा एक अंक कचेरीत सुरू करावा आणि पहिले टिपण गुरांच्या बाजाराचेच असावे. त्याचे मराठी आणि उर्दू असे दोन्ही मसुदे एकाच बैठकीत, दोन्ही समाजांच्या साथींनी मिळून लिहावेत.